चहा या शब्दापाशी

बोरीवलीत रविवारी भरणाऱ्या चिनी भाषेच्या क्लासात पिकल्या केसांची डोकी दोनच. एक सुहासिनीबाईंचं, दुसरं अनंतरावांचं. बाईंचा मुलगा मिहिर शांघायला नोकरीला होता आणि तिथल्या सुनेशी तिच्या भाषेत चार शब्द बोलावेत एवढीच बाईंची हौस. अनंतरावांनी जन्मभर गोदीत चिनी अक्षरांची खोकी उतरवून घेतली, पण त्यांवर काय लिहिलंय ते कधी कळलं नाही. ती रुखरुख घेऊन ते निवृत्तीनंतर आले. भाषा दोघांनाही बेताचीच आली. पण शिकवणाऱ्या ऋताने एकदा तिकडच्या जुन्या कविता वाचून दाखवल्या आणि दोघं तिथे अडकले ते अडकलेच.

ऋताने एक रीतही सांगितली होती. त्या काळी कुणी कविता पाठवली की उत्तर कवितेनेच द्यायचं, आणि समोरच्याच्या ओळी ज्या शब्दांवर संपल्या त्याच शब्दांवर, त्याच क्रमाने, आपल्याही ओळी संपवायच्या. "आणि उत्तरच न देणं म्हणजे अपमान हं," असंही ती म्हणाली होती. दोघांनी हा खेळ मराठीत सुरू केला. बंद पडलेल्या लिफ्टवर, कडू निघालेल्या काकडीवर, कशाकशावर ओळी झाल्या.

आणि मग एका दुपारी अनंतरावांकडून फोनवर ही कविता आली:

डोंगराआडून उशिरा आला चंद्र
काठाशी बांधून आहे रिकामी होडी
वारा नसताना उघडं ठेवलंय दार
दोन पेल्यांत ओतलाय चहा

सुहासिनीबाईंनी फोन पालथा ठेवला. दार कुणासाठी उघडं आहे हे न कळायला त्या काही कुकुलं बाळ नव्हत्या.

वाईट याचं की माणूस त्यांना आवडत होता. पण आवडला म्हणून घरात घ्यायचा? यजमान गेल्यावर पहिली दोन वर्षं हे घर त्यांना खायला उठायचं. मग हळूहळू ते त्यांचं झालं. पलंगावर आडवंतिडवं झोपणं, ओट्यापाशी उभं राहून आंबा चोखणं, संध्याकाळी दिवा न लावता बसून राहणं. हे सुख त्यांना आता कुणालाही द्यायचं नव्हतं. आणि 'नाही' म्हटलं तर त्या कविता जाणार होत्या.

त्या लिहायला बसल्या. चंद्र सोपा गेला, होडीही. दाराची ओळ दोनदा खोडली, पण झाली. चहा मात्र अडून बसला. 'तुमचा तुम्हीच प्या तो चहा' हे भांडण झालं. 'केव्हाच निवला तो चहा' हे धडधडीत खोटं. बाकीचे शब्द मुकाट्याने नकार द्यायला तयार होते, हा एकच होईना. मेल्याने नेमका हाच शब्द कसा निवडला, असं म्हणून त्या खुर्चीत मागे रेलल्या.

खिडकीबाहेर राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावर धुरकट ऊन पडलं होतं. त्यांचा डोळा लागला. ते धुरकट ऊन धुकं होऊन खाली उतरलं, कंपाउंडची भिंत बुडाली आणि तिथे नदी झाली. बाई होडीत बसल्या होत्या, एकट्या, आणि होडी कुठेही न जाता छान डुलत होती. काठावर अनंतराव किटली घेऊन उभे होते. ते हाक मारत नव्हते. त्यांना होडीत घ्यावं असं बाईंना वाटलं नाही. पण मान वळवली आणि काठ रिकामा दिसला तर, या विचाराने त्या दचकून जाग्या झाल्या आणि चौथी ओळ लिहून मोकळ्या झाल्या.

माझ्या खिडकीत मावतो सगळा चंद्र
एकटीच्या भाराने नीट तरंगते होडी
आतून कडी घातलेलं आवडतं दार
सकाळी या, अंगणात घेऊ चहा

पाठवलं खरं, पण उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रीत अनंतरावांनाही ठाऊक होती. बाईंना रडू आलं, आणि आपल्याला रडू आल्याचा रागही आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दूध घ्यायला खाली उतरल्या, तर सोसायटीच्या बदामाखालच्या बाकावर अनंतराव बसलेले. शेजारी थर्मास आणि दोन पेले.

"तुम्हाला अंगण कुठंय? दुसऱ्या मजल्यावर राहता," ते म्हणाले. "म्हटलं, हेच असणार."

बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. अनंतरावांनी चहा ओतला. थोडा बाकावर सांडला.

"वाईट वाटलं?" बाईंनी विचारलं.

"वाटलं ना. खोटं कशाला बोलू?" ते बदामाकडे बघत राहिले. "उत्तर द्यायला दोन दिवस बसलोय. चंद्र झाला, होडी झाली, चहा तर झालाच. पण दाराची ओळ काही होत नाही माझ्याच्याने."

सुहासिनीबाईंनी पेला दोन्ही हातांत धरला.

"मग तीनच ओळी लिहा," त्या म्हणाल्या. "दार सोडा."

"रीत मोडेल."

"मोडू दे."

अनंतरावांनी मान डोलावली आणि निवत आलेला चहा ते घोट घोट पिऊ लागले.