छातीभर पाणी

सकाळी साडेनऊला विमा कंपनीच्या निरीक्षक बाई फाटकातून आत आल्या आणि त्यांचं लक्ष गेलं ते नको तिथेच. दाराशेजारच्या भिंतीवर, बाबांच्या छातीच्या उंचीवर, लाल ऑइलपेंटची ठसठशीत रेघ होती. शेजारी लिहिलेलं, 'वादळात पाणी इथपर्यंत!'

"अगं बाई! एवढं?" त्या म्हणाल्या.

भिंगरीने वळून आईकडे पाहिलं. आईचा चेहराच उतरला. समुद्र घरापासून जेमतेम दोनशे पावलांवर. लाटांचा आवाज जरा वाढला की आई कागदपत्रांची पिशवी उशाशी घेऊन टक्क जागी. दोन वर्षं खेटे घालून तिने पुराच्या विम्याचा अर्ज इथवर आणला होता.

"मीटरभराच्या वर पाणी शिरलेल्या घराला पॉलिसी मिळत नाही," असं म्हणत बाईंनी फॉर्मवर पेन टेकवलं.

आता खरी गोष्ट अशी, की दोन वर्षांपूर्वीच्या त्या वादळात पाणी आलं होतं घोट्याएवढं. बाबांनी हौसेने तिथे रेघ मारली. दुसऱ्या दिवशी समोरच्या इंजिनकाकांनी आपल्या भिंतीवर गुडघ्याशी मारली. (काका होड्यांची इंजिनं दुरुस्त करून रिटायर झालेले, स्वभावानेही धडधडणारे.) झालं! बाबांना मिरच्या झोंबल्या. त्यांची रेघ मांडीवर चढली, काकांची कमरेवर. समुद्र आपल्या जागी परत जाऊन महिना झाला, तरी या दोघांच्या भिंतींवर पाणी चढतच होतं. बाबा छातीशी थांबले ते केवळ रंग संपला म्हणून. काका गळ्यापर्यंत पोचले.

बाईंनी रस्त्यापलीकडे पाहिलं. "इथे छाती, तिथे गळा, मध्ये सपाट रस्ता. पाणी काय तिरकं उभं होतं?"

"विचारा, विचारा त्यांना!" काका आपल्या फाटकावर कोपरं टेकून मजा बघत होते.

"बाबा, सांगून टाका ना! नाहीतर मी सांगते," भिंगरी म्हणाली.

"तू गप गं!"

"ज्यांनी रेघ मारली त्यांनीच सांगायचं," बाई म्हणाल्या. "आणि खरं. खोटं निघालं तर पुढे भरपाईच्या नावाने शंख."

बाबांनी काकांकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आई पिशवी छातीशी धरून उभी होती.

"घोट्यापर्यंत," ते पुटपुटले.

"मोठ्याने सांगा."

"घोट्यापर्यंत हो! घोट्यापर्यंत!"

काका असे खो खो हसले की फाटक करकरलं. "घोट्यापर्यंत! अहो, मग दोन वर्षं आम्हाला काय सांगत होतात?"

बाईंनी शांतपणे पुढचा कागद उलटला. "समोरचं घर तुमचंच ना? अर्ज तुमचाही आहे. पुढचा नंबर तुमचा."

काकांचं हसू जागच्या जागी बंद पडलं. ते चपला न घालताच रस्ता ओलांडून आले. "मॅडम, आमच्याकडे तर नुसती टाच भिजली."

"टाच?" बाबा उसळले. "मग आमच्याकडे घोटा कुठला, फार तर तळवे!"

"आमच्याकडे नखं!"

"आमच्याकडे तर पायपुसणंसुद्धा..."

"पुरे!" बाई ओरडल्या. "अजून जरा वेळ गेला तर समुद्र आलाच नव्हता असं लिहावं लागेल मला!"

त्या खाली बसल्या. दाराच्या लाकडाचा खालचा भाग पाणी पिऊन फुगला होता, तिथे त्यांनी मोजपट्टी लावली. भिंगरीने पट्टीचं दुसरं टोक धरलं.

"अकरा सेंटिमीटर. हे दार काही फुशारकी मारत नाही. पॉलिसी मिळेल. सही कोण करणार?"

"अकरा जरा जास्त वाटतात हो," बाबा म्हणाले. "नऊ लिहिलंत तर..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आईने पेन ओढून घेतलं आणि अकरावरच सही ठोकली.