दाट असण्याचं कारण

स्तनांचा फोटो काढायचा आणि काढणारी कोण, तर माझी धाकटी नणंद! दुसरीकडे जाते म्हटलं, तर घरात सगळ्यांचं एकच, घरचं माणूस असताना बाहेर कशाला. सासूबाईंनी तर विचारलंच, लपवण्यासारखं आहे तरी काय तुझ्याकडे. झालं, आले तिच्याच दवाखान्यात.

मशीनपुढे उभं करण्याआधी बाईला विचारायचं असतं, पाळी कधी आली, बाळंतपणं किती, अंगावर किती पाजलं. नणंदेने बाळंतपणाचं विचारलंच नाही. स्वतःच कॉम्प्युटरवर शून्य घातलं आणि उपकार केल्यासारखी हसली.

एकोणिसाव्या वर्षी, लग्नाच्या कितीतरी आधी, मावशीकडे मला मुलगी झाली. थोडे दिवस पाजली, मग आईने ती दुसऱ्यांच्या ओटीत घातली. सासरी कुणाला याचा पत्ता नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मूल नाही म्हणून बोलणी मी खाते. नवऱ्याने स्वतःची तपासणी कधी केली नाही. आणि दोष माझ्यात नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

नणंदेने डावा स्तन मशीनच्या दोन प्लेट्समध्ये दाबला. ब्रह्मांड आठवलं मला. हलू नकोस, म्हणाली. कुठे जाणार होते मी!

डॉक्टरीणबाईंनी फोटो पडद्यावर लावला. पांढरंच पांढरं. म्हणाल्या, स्तन दाट आहेत, यात गाठ असली तरी लपून राहते, सोनोग्राफीही करू. तरुण वयात मूल झालं की बहुधा विरळ होतात, पण सगळ्यांचेच होतात असं नाही. मग माझ्याकडे वळल्या. ‘तुम्हाला मुलं?’

तोंड उघडलं होतं मी. देवाशप्पथ उघडलं होतं.

‘वहिनीला मूल नाही,’ नणंद म्हणाली. ‘म्हणूनच दाट ना?’

तेही एक कारण असू शकतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढची बाई बोलावली.

कपडे बदलताना पडद्यापलीकडून नणंदेचा फोन ऐकू येत होता. सासूबाईंना सांगत होती, आता फोटोतच दिसलं, दादाचा काही दोष नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या पोरीला जिथे कवटाळलं, तीच छाती माझ्यावर उलटली होती.

नणंद आत आली. डोळे भरलेले, खरोखरचे.

‘वाईट वाटून घेऊ नकोस, वहिनी. आम्ही तुला टाकणार थोडीच आहोत.’

‘मागचा हुक लाव,’ मी म्हटलं आणि तिच्याकडे पाठ केली.