उसाच्या फडावर गेलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. लाकूड सागवानी, म्हणून अंगात थोडा ताठा आहे. तेवढा सांभाळून घ्या. आष्ट्याच्या नाथाजी सुतारांनी १९९२ साली जाड फळ्या जोडून मला बनवले. आपल्या हातचा फळा सहसा मोडायचा नाही, असे ते सगळ्यांना सांगत.

मला बनवून घेतले प्रियदर्शनीताईंनी. मजुरांच्या मुलांची दहावीची तयारी करून घेणारी संस्था त्यांनी बुद्धविहाराच्या पडवीत सुरू केली होती. ताई स्वतः मजुराची लेक आणि वस्तीतली पहिली पदवीधर. कराडची नोकरी सोडून त्या परत आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढले. मला मात्र त्यांचा फार अभिमान वाटे. एखादे मूल आले नाही, की ताई चपला घालून त्याच्या घरी निघत.

ऊसतोड सुरू झाली की निम्मी मुले आईबापांबरोबर फडावर जात. एका वर्षी अक्षताही गेली. ती दहावीत होती आणि गणितात सगळ्यांच्या पुढे. पण आईवडील दोघेही तोडीला जात, त्यामुळे भाकऱ्या आणि धाकटा भाऊ तिच्याच गळ्यात. मार्चात परीक्षेला तिला सोडणार नाही, असे वडील धोंडीबांनी सांगून टाकले.

ताई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला टेम्पोत घातले आणि वाळव्याजवळच्या त्या फडावर नेऊन अक्षताच्या खोपीला टेकवले. मग त्या रोज दुपारच्या एसटीने यायच्या आणि तिथेच सगळ्या मुलांचा वर्ग भरायचा.

एके दिवशी ताई यायच्या आधी ट्रकवर चढायला लावायची फळी मोडली. धोंडीबांनी मलाच उचलून ट्रकला लावले. डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन माणसे माझ्यावरून चढू लागली. धोंडीबा चढले आणि मी मधोमध चिरलो.

ताई आल्या तेव्हा सगळे माझ्याभोवती जमले होते. अक्षताने सोडवलेल्या गणितावर धोंडीबांचा चिखलाचा पाय उमटला होता. ते त्या पायाकडेच बघत होते.

"ताई, लिवलेल्यावर पाय दिला मी. लय वंगाळ झालं."

माझ्यासाठी तरी ताई रागावतील, असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "फळ्याचं राहू द्या. अक्षताला परीक्षेला पाठवताय का, तेवढं सांगा."

धोंडीबांनी खांद्यावरच्या टॉवेलने तो चिखल पुसला.

"घिऊन जावा तिला. भाकरी माजी मी थापतो."

अक्षता ताईंच्या घरी राहून परीक्षेला बसली आणि पहिल्या श्रेणीत पास झाली. आज ती कराडला शिकते आणि सुट्टीत संस्थेतल्या मुलांना गणित शिकवते. नाथाजींनी मला मागून पट्ट्या ठोकून पुन्हा उभे केले.

आता संस्थेला पक्की इमारत आहे आणि नवा हिरवा फळा आहे. मला हार घालून भिंतीवर टांगावे, असे काही जण म्हणतात. मित्रांनो, तेवढे करू नका. हंगाम सुरू झाला आहे, मुले फडावर गेली आहेत. मला पुसा आणि टेम्पोत चढवा.