कोमट पडलेला थर्मास

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी झाकणाला पोचा आलेला हिरवा थर्मास दिसतो ना, तो मी. हसू नका. आजूबाजूच्या यंत्रांवर दिवे लुकलुकतात, पडद्यावर आकडे धावतात. पण आमच्या ताईंना पीएचडीची जागा मिळवून दिली ती मी. थोडा मोठेपणा घेतोय, कबूल आहे. पण ज्याने केलं त्याने सांगायचं नाही, तर कोणी सांगायचं?

माझा जन्म कारखान्यात झाला. आत काचेची दुपदरी बाटली, बाहेर पत्र्याचं अंग, वर बूच आणि बुचाला रबरी रिंग. तपासणाऱ्या बाईने सकाळी माझ्यात उकळतं पाणी भरलं, संध्याकाळी बूच काढलं आणि बोट झटकत म्हणाली, "अगं बाई, अजून चटका बसतोय!" ते माझं पहिलं कौतुक. गरम ठेवणं हाच आपला धर्म, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

वाटलं होतं, जन्मभर चहा वाहीन. नशिबात भलतंच होतं. मी आलो प्रजनन जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. बीजांड कसं पिकतं, त्यातून गर्भ कसा सुरू होतो, त्या इवल्याशा गर्भातल्या मूळपेशींतून हाड, हृदय, कातडी कशी घडते, याचा इथे अभ्यास चालतो. त्यासाठी मेंढ्यांची बीजांडं लागतात. कत्तलखान्यात जी अंडाशयं एरवी फेकूनच देतात, ती मिठाच्या गरम पाण्यात बुडवून माझ्यातून आणायची. नवखी माणसं हटकून बर्फ घेऊन निघत, कारण टिकवायचं म्हणजे थंड करायचं हे घराघरातलं शहाणपण. बर्फाने ती बीजांडं मरत. मग विभागप्रमुख बाई ओरडत, "शरीराची ऊब राखा! थर्मास कशाला दिलाय?" ते ऐकून माझी छाती फुगायची.

पंधरा वर्षं मी ते काम केलं. प्रयोगशाळेतले मामा मला काखोटीला मारून निघायचे आणि अर्ध्या तासात परत यायचे. त्यांनी मला कधी आपटलं नाही. आल्यावर धुऊन, पालथं घालून, नीट वाळवून ठेवायचे.

मग कत्तलखाना गावाबाहेर दूर गेला. अर्ध्या तासाचा रस्ता तीन तासांचा झाला. माझी रिंगही झिजली होती, बूच सैल बसायचं. बॅटरीवर चालणारा एक नवा डबा आला. निघताना सदतीस अंश, पोहोचताना सदतीस अंश. मी कपाटावर गेलो, आणि तीन वर्षं तिथेच धूळ खात पडलो. मामा अधूनमधून वर बघायचे. एवढीच काय ती विचारपूस.

त्याच सुमारास ताई आल्या. हंगामी मदतनीस म्हणून. हातात सदानकदा वही, म्हणून मामांनी त्यांचं नाव वहीवाली पाडलं होतं. त्यांना पीएचडी करायची होती. दोनदा मुलाखत देऊन परत आल्या होत्या. दोन्ही वेळा विचारलं होतं, "तुमचा स्वतःचा प्रश्न कोणता?" आणि दोन्ही वेळा त्यांनी पुस्तकातला सांगितला होता. जागेला वयाची अट होती, आणि ताईंचं हे शेवटचं वर्ष होतं. या खेपेला नाही, तर कधीच नाही.

एकदा डबा ऐन फेरीच्या दिवशी बंद पडला. ताईंनी मला खाली काढलं, पुसलं आणि नेलं. जाताना मी ऐटीत होतो. येताना मात्र शरमेने मेलो. सैल बुचातून ऊब निसटत होती आणि मला काही करता येत नव्हतं. पोहोचल्यावर ताईंनी तापमापी बुडवली. सव्वीस अंश! वाटलं, आता माझी रवानगी थेट भंगारात.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. डब्यातून आणलेल्या पन्नास बीजांडांतली दहा-अकरा पिकायची. माझ्यातल्या पन्नासांतली चोवीस पिकली होती.

बाईंनी वही वाचून चष्मा वर केला. "अगं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असेल. दहा वेळा करून दाखव, मग बोल."

ताईंनी ते मनावर घेतलं. डबा दुरुस्त झाला होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मी, अशा नऊ फेऱ्या झाल्या. नऊही वेळा डबा गरम आणि मी कोमट. नऊही वेळा माझी बीजांडं डब्याच्या दुप्पट पिकली. ताई खूश होत्या. मी नव्हतो. खरं सांगतो, मित्रांनो, कोमट म्हणून मिळालेलं कौतुक माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

दहावी फेरी मुलाखतीच्या दहा दिवस आधी होती. त्या फेरीत काय गंमत झाली कोण जाणे, मला तरुण झाल्यासारखं वाटत होतं. थेंबभर ऊब बाहेर गेली नाही. पोहोचल्यावर तापमापीत पस्तीस! माझा आनंद गगनात मावेना.

ताईंचा चेहरा मात्र उतरला. "मामा, आज हा एवढा गरम कसा?"

मामा कौतुकाने हसले. "रिंग नवी टाकली ना, ताई. तुमची मुलाखत आलीय. म्हटलं, बिचारा म्हातारा झालाय, याला जरा ठीकठाक करू."

दुसऱ्या दिवशी पन्नासांतली दहा पिकली. फक्त दहा. ताई डोकं धरून बसल्या.

"संपलं, मामा. नऊ फेऱ्यांचं पाणी झालं."

मामांना रडू आवरेना. "करायला गेलो एक नि झालं भलतंच. मला अक्कल नाही."

ताईंनी वही मिटायला घेतली आणि हात तसाच थांबला. मग त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की मी हललो. "मामा, जुनी रिंग कुठाय? फेकली नाहीत ना?"

"खिशात आहे. माझ्याच्याने टाकवेना."

मुलाखतीला ताई मला घेऊन गेल्या. टेबलापलीकडे चौघं होते, त्यांत आमच्या बाईही.

"चहा आणलात का?" एका सरांनी विचारलं. सगळे हसले. ताईही हसल्या आणि सगळं सांगितलं.

"पण डबा वेगळा, थर्मास वेगळा," सर म्हणाले. "फरक उष्णतेचाच कशावरून? याच्यात हादरे कमी बसत असतील."

ताईंनी दोन्ही रिंगा टेबलावर ठेवल्या. "थर्मास हाच, रस्ता तोच, बस तीच. फक्त रिंग बदलली. सैल रिंगेला सव्वीस अंश, आणि चोवीस पिकली. घट्ट रिंगेला पस्तीस अंश, आणि दहा. त्यानंतर मुद्दाम दोन्ही पुन्हा एकदा करून बघितलं. तेच आलं."

"कारण काय?"

"माहीत नाही, सर. लांबच्या प्रवासात गारवा मिळाला की बीजांड भूक आवरून बसत असेल आणि आपली शक्ती पिकण्यासाठी राखून ठेवत असेल, असा माझा अंदाज आहे. तेच शोधायचंय. म्हणून तर जागा मागतेय."

मग आमच्या बाई म्हणाल्या, "पंधरा वर्षं मी ऊब राखा, ऊब राखा म्हणून सगळ्यांना ओरडत आले." आणि त्या खळखळून हसल्या. जागा ताईंना मिळाली. ते सांगायला ताई धावतच आल्या, तेव्हा मामांनी आधी त्यांना बसवून पाणी दिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपटू नका, धुऊन-पुसून ठेवा, हे तर मी सांगणारच. पण एखाद्याची खोड मोडायला निघण्याआधी ती खोड काय काम करते, तेवढं बघा. मला स्वतःला ते कळायला अठरा वर्षं लागली. आता ताई रीतसर संशोधक आहेत, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या पोटावर चिठ्ठी चिकटवली आहे: "दुरुस्त करू नये. संशोधन चालू आहे."