चोर ठरलेला कोट

मी कोट बोलतोय. जाड लोकरीचा, करडा, गुडघ्यांखाली उतरणारा. माझं कापड यॉर्कशायरच्या गिरणीत विणलं गेलं. लीड्समधल्या एका शिंप्यानं मला कोळशाच्या व्यापाऱ्यासाठी शिवलं. नाटकासाठी नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो. मी खरा कोट आहे.

व्यापारी वारला. त्याच्या बायकोनं मला विकून टाकलं आणि मी मँचेस्टरच्या एका टीव्ही स्टुडिओच्या कपडेपटात येऊन पडलो. तिथं चकचकीत झगे होते, खोटी पदकं लावलेले लष्करी डगले होते. मी त्यांच्यात मिसळलो नाही.

एक दिवस क्लेमंट ऑर्मरॉड नावाच्या नटानं मला अंगात घातलं. खांदे बरोबर बसले. नव्या मालिकेत त्याला बर्टचं काम मिळालं होतं. बर्ट म्हणजे गल्लीतला भाजीवाला, तोंडाचा फटकळ, मनाचा भला. काम चार-सहा भागांचंच होतं. पण लोकांना बर्ट आवडला. क्लेमंटचे केस पिकले, माझं अस्तर दोनदा बदललं, तरी बर्ट चालूच राहिला.

क्लेमंट मोठा नट होता का, ते मला कळत नाही. वेळेवर यायचा. वाक्यं पाठ असायची. थंडीत चहाचा पहिला कप दिवे सांभाळणाऱ्यांना द्यायचा. मला तेवढं पुरे होतं.

त्याची बायको नोरा आजारात गेली. शेवटचे दिवस तिनं गावाबाहेरच्या एका घरात काढले. डॉक्टरांनी हात टेकलेली माणसं तिथं यायची आणि स्वच्छ अंथरुणात, कुणाचा तरी हात हातात धरून जायची. घर चालायचं ते बहुतेक दानावर. चालवायची हिल्डा थ्रेलफॉल ही नर्स. उंच, हाडकुळी, कुणाची भीड न ठेवणारी. नोराला पुरल्यावर क्लेमंट तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "मला काहीतरी काम सांगा."

"तुम्ही तो बर्ट ना? मग तो कोट घाला आणि बाजारात डबा घेऊन उभे राहा. तुम्हाला कुणी काही देणार नाही. बर्टला देतील."

तिचं म्हणणं खरं ठरलं. क्लेमंटनं स्टुडिओकडून मला शनिवारपुरतं मागून घेतलं. दर शनिवारी आम्ही मासळीच्या गाळ्याशेजारी उभे राहू लागलो.

"काय बर्ट, बटाटे सडके विकतोस म्हणे!"

"सडके तुझ्या सासूसाठी बाजूला ठेवलेत. चांगले हवे असतील तर डब्यात टाक काहीतरी."

लोक हसायचे आणि टाकायचे. त्या डब्यातून घराला रात्रीची नर्स मिळाली. खोल्यांत ऊब आली. किती वर्षं असं चाललं, मी मोजली नाहीत.

मग मालिकेला नवा निर्माता आला. एड्रियन. भल्या माणसाचा त्याला कंटाळा. त्यानं लिहून घेतलं, की गल्लीतल्या आजारी, लहानग्या एल्सीच्या ऑपरेशनसाठी जमवलेला डबा बर्ट फोडतो आणि पैसे खिशात घालतो.

"अहो, मी खरोखरच डबा घेऊन उभा राहतो," क्लेमंट म्हणाला.

"त्यावरूनच तर सुचलं!" एड्रियन म्हणाला.

तो भाग टीव्हीवर लागला. पुढच्या शनिवारी मासेवाल्या मिसेस रिग्बीनं आमच्याकडे पाठ फिरवली.

"आज गारठा फार आहे, मिसेस रिग्बी."

"माझ्याशी बोलू नकोस. त्या पोरीच्या डब्यात हात घालताना लाज नाही वाटली?"

"अहो, ती नटी आहे. ठणठणीत आहे. आईबापांबरोबर स्पेनला गेलीय."

"म्हणजे झालं ऑपरेशन?"

"ऑपरेशन नव्हतंच हो."

"नव्हतंच? मग पैसे कशाला गोळा केलेस रे मेल्या?"

मागून कुणीतरी माशाचं डोकं भिरकावलं. ते माझ्या कॉलरवर बसलं. क्लेमंटनं रुमालानं पुसलं आणि तो दुपारपर्यंत तसाच उभा राहिला. डबा रिकामा परत गेला.

नंतरच्या शनिवारी त्यानं मला गाडीत ठेवलं आणि स्वतःचं निळं जाकीट घालून उभा राहिला. गाडीची काच खाली होती. लोक त्याच्यासमोरून निघून जात होते. शेवटी एक पोलीस आला आणि त्यानं पैसे गोळा करायचा परवाना मागितला.

"मी क्लेमंट ऑर्मरॉड."

"कोण?"

माझ्यात शिरला तर चोर. माझ्याबाहेर आला तर कुणीच नाही.

हिल्डानं सांगून टाकलं, की घर फार तर ईस्टरपर्यंत चालेल. क्लेमंट एड्रियनकडे गेला. "बर्टला पैसे परत करू दे. माफी मागू दे. मग मारून टाका त्याला. मी जातो."

एड्रियननं मान डोलावली. प्रसंग चित्रित झाला. एल्सीच्या आईपुढे बर्ट गुडघ्यांवर बसला, पैसे ठेवले आणि रडला. ते रडणं नटाचं नव्हतं. मी अंगावर होतो, मला ठाऊक आहे. मग रस्ता ओलांडताना त्याला गाडीनं उडवलं.

टीव्हीवर फक्त गाडी दिसली. माफी कापली होती. वेळ पुरला नाही म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओच्या फाटकाशी फुलं येऊ लागली. मला काचेच्या पेटीत घालून त्या फुलांत उभं केलं. मिसेस रिग्बी पांढऱ्या लिलींचं पुष्पचक्र घेऊन आली. नाक शिंकरत म्हणाली, "चोर होता, पण आपला होता."

हिल्डाही आली. त्या ढिगाकडे बघून क्लेमंटला म्हणाली, "ऑर्मरॉड, एवढ्या फुलांच्या पैशांत माझं घर तगलं असतं."

क्लेमंट तडक एड्रियनकडे गेला. "मला कोट द्या. लिलावात काढतो. आज लोक देतील."

"कोट स्टुडिओच्या मालकीचा आहे, क्लेमंट. तो बघायला आम्ही तिकीट लावतोय."

तिकीट लागलं. फुलं कुजली, ती फावड्यानं उचलली. मला आत दिव्याखाली नेलं.

ईस्टरनंतर क्लेमंट आला. तिकीट काढून आला. काचेजवळ तोंड आणून हळूच म्हणाला, "हिल्डानं काल घराच्या किल्ल्या परत केल्या. शेवटचे दोघे इस्पितळात नेले. तिथं त्यांना व्हरांड्यात ठेवलंय." त्याचा हात काचेवर होता. आतल्या बाजूला मी होतो, पण मला हात नाहीत.

मागून एक बाई म्हणाली, "आजोबा, जरा सरकता का? कोट झाकला जातोय."

तो सरकला.

मला आर्जवं करायची सवय नाही. पण येणाऱ्यांनो, ऐका. माझे फोटो खुशाल काढा. बर्टसाठी रडायचं तर रडा. एवढंच करा, बाजूला सरकलेला तो म्हातारा कुठं दिसला तर कुणीतरी त्याला नावानं हाक मारा. क्लेमंट ऑर्मरॉड. या थंडीत तो एकदाही आलेला नाही, आणि त्याचं ते निळं जाकीट फार पातळ होतं.