तळहातावरचा कसुंबा

शहाद्याचं अफूचं दुकान सरकारनं कायमचं बंद केलं, ही बातमी भटूनं आणली तेव्हा नर्मदाबाई ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसली होती. ज्या दुकानाच्या नावानं तिनं तीस वर्षं बोटं मोडली ते बंद पडल्यावर खरं तर तिनं गावभर गूळ वाटायचा. तिनं सूप खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. आपल्याला रडू येतंय हे पाहून तिला स्वतःचाच असा राग आला की पुढचं सूप तिनं डाळीसकट अंगणात पाखडलं.

"चुनीलालना तराजू बी लई ग्यात," तिचा धाकटा दीर भटू म्हणाला. "दारले कुलूप शे."

"बरं व्हयनं. आग लागो त्या दुकानले."

 भटू, साठीचा माणूस, गुडघे धरून ओसरीच्या कडेला बसला. मग नर्मदाबाई उठली आणि आतल्या फळीवरून लाकडी खलबत्ता काढून आणला. सासऱ्याचा होता तो. तिचा नवरा दोधू वारला त्याला दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून खलाला कुणी हात लावला नव्हता. तिनं खल नाकाशी धरला. आत अजून तो कडू, ओलसर वास होता, आणि त्या वासाबरोबर सगळंच परत आलं.

लग्न होऊन ती टेंभुर्ड्याला आली तेव्हा बारा वर्षांची होती. सासरची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण, तिला कालच्यासारखी आठवायची. निंबाला झोके बांधलेले, बाया-पोरी गाणी म्हणत आकाशाला पाय लावायला निघालेल्या, आणि अंगणात पुरुषांची बैठक. मध्ये सासरा रायसिंग मांडी घालून बसायचा आणि हा खल पुढ्यात घेऊन अफू घोटायचा. घोटताना एक डोळा मिटायची त्याला सवय होती. झोक्यावरच्या सुना त्याची नक्कल करून हसायच्या. अफूत गूळ, वेलची, असलं तर केशर. तीनदा फडक्यातून गाळायचं की तयार झाला कसुंबा.

कसुंबा वाटीतून प्यायचा नाही, हे त्यातलं खरं. एकानं आपल्या उजव्या तळहातावर घ्यायचा आणि दुसऱ्यानं त्याच्या तळहातावरून प्यायचा. मग दुसऱ्यानं आपला तळहात पुढे करायचा. दोघांचं वैर असलं तर पंचांसमोर असा कसुंबा व्हायचा आणि वैर तिथंच संपायचं. ज्याच्या हातावरून प्यालं त्याच्यावर पुन्हा हात उचलायचा नाही. नेम एकच होता, देताना थेंब खाली सांडता कामा नये. सांडला तर देणाऱ्याच्या मनात अजून काळं आहे असं समजत. या एका खलापायी धुळ्याच्या वकिलांचं किती नुकसान झालं असेल देव जाणे. बांध फुटलेले, सोयरीक मोडलेले, गुरं कोंडवाड्यात घातलेले, सगळे या अंगणात यायचे आणि मिशा पुसत एका बैलगाडीतून परत जायचे. नर्मदाबाईला ते दिवस फार गोड वाटायचे. 

सणाची अफू सणापुरती राहिली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण सासरा गेला आणि दोधूच्या पाठीत उसण भरली. मग कणभर पाठीसाठी, कणभर रात्री पिकाला पाणी द्यायला जायचंय म्हणून, कणभर झोप येत नाही म्हणून, आणि शेवटी कशासाठीच नाही. तो एकटा नव्हता. दुपारी गावातून चाललं तर ओट्याओट्यावर चांगले धडधाकट गडी तोंडावर माशा घेऊन डुलताना दिसायचे. बायकांच्या पायांतले वाळे दिसेनासे झाले. सातपुड्यापलीकडच्या संस्थानांतून मक्याच्या पोत्यांत लपवून चोरटी अफू यायची. टेंभुर्ड्याचे दोघं त्यापायी तुरुंगात जाऊन आले आणि त्यांतला एक आल्यावर महिनाभरही जगला नाही. मग सरकारनं खाणाऱ्यांची नावं लिहून घेतली. परवान्याची वही मिळाली, आठवड्याला सहा मासे, म्हणजे अर्धा तोळा अफू, ती चुनीलालच्या दुकानातून आपण स्वतः जाऊन आणायची. वहीबाहेरची सापडली तर बेड्या. दोधू दर बाजाराला वही घेऊन शहाद्याला जायचा. देवदर्शनाला जातानाही तो एवढा नटला नसेल.

पण नर्मदाबाईचं खरं दुःख ते नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं. भटूची लेक धनू रांगायला लागली ती तिच्याच चुलीपुढं. तिला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, निजवणं सगळं मोठ्या मायचं, म्हणजे नर्मदाबाईचं. धनू पाच वर्षांची असताना दोधूनं भटूची बैलजोडी कापसाच्या गाडीला जुंपली आणि शहाद्याच्या जिनिंग कारखान्याकडे निघाला. वाटेत अफूच्या गुंगीत कासरा हातातून सुटला. गाडी नाल्यात उलटली आणि भटूचा हौश्या बैल मान मोडून जागच्या जागी मेला. भटूनं तो बैल वासरू असताना बोटानं दूध पाजून वाढवला होता. त्यानं भावाला हात लावला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी गाडीभर माती आणून अंगणात मधोमध भिंत घालायला घेतली, आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "मन्हा भाऊ नाल्यामा मरी गया."

अकरा वर्षं ती भिंत होती. पहिले काही दिवस धनू भिंतीपलीकडून "मोठी माय" म्हणून हाका मारायची, मग बापानं दटावलं तेव्हा तेही थांबलं. नर्मदाबाईनं पोरीला मोठं होताना पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. पैंजणांवरून तिला चाल कळायची आणि खोकल्यावरून ताप. पोरगी पहिल्यांदा जात्यावर बसली, तेव्हा भिंतीला कान लावून ती ओवी संपेपर्यंत उभी होती.

त्याच धनूचं लग्न ठरलं. तळोद्याकडचं स्थळ, वैशाखातली तिथी, मध्ये एक महिना. नर्मदाबाईनं अन्न टाकलं. मला मांडवात बोलवा, पोरीला हळद लावू द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. म्हातारा रतिलाल पाटील पंचांना घेऊन मध्यस्थी करायला भिंतीपलीकडे गेला. भटूचा आवाज मुद्दाम इकडे ऐकू येईल असा होता.

"येवा ना! पन बापनी रीत शे, कसुंबा व्हवाले पाहिजे. त्यानी सोताना हातथून पाचबी पंचेसले पाजवा, माले पाजवा. आन चोरीनी अफू नको, मन्हा मांडवमा शिपाई नको. परवानामान्ही, सोताना वाटानी. अफू खानारा सोतानी अफू दुसराले दी का कधी?"

पंचही हसले. एवढ्या जणांना दीड तोळा तरी लागणार. आठवड्याला सहा मासे मिळणारा, तेही पाच दिवसांत संपवून उरलेले दोन दिवस भिंतीला डोकं आपटणारा माणूस तो कुठून आणणार? म्हणजे नाही म्हणायचीच ही रीत होती. दोधू आपल्या ओसरीवर बसून हे ऐकत होता. तो उठला, आत गेला आणि पडून राहिला. नर्मदाबाईनं त्या दिवशी आशा सोडली.

आठ दिवसांनी दोधूला हुडहुडी भरली. चैत्राच्या उन्हात दोन गोधड्या घेऊन तो कुडकुडत होता. नाक वाहतंय, जांभयांवर जांभया, पोटात कळा, पाय तर असे ओढायचे की ती लुगड्याच्या चिंधीनं करकचून बांधायची. हिवताप असेल म्हणून काढ्यासाठी ओवा शोधताना तिचा हात भोपळ्याच्या बियांच्या गाडग्यात गेला. पळसाच्या पानात गुंडाळलेला काळा गोळा हाताला लागला. तिच्या अंगाचा भडका उडाला. पोरीचं लग्न तोंडावर, आणि हा मेला अफूची साठवण करतोय! ती गोळा घेऊन चुलीकडे निघाली. दोधूनं सरपटत येऊन तिचा पाय धरला.

"टाकू नको," तो म्हणाला. दात वाजत होते. "धनूनं लगन शे ते."

नर्मदाबाईनं गोळा परत गाडग्यात ठेवला. या माणसानं उभ्या जन्मात काही राखून ठेवलं नव्हतं. आईची साखळी ठेवली नाही, बियाणं ठेवलं नाही, भावाचा बैल ठेवला नाही. तो स्वतःच्या तोंडातला घास असा काढून ठेवत होता. पहिल्या आठवड्यात निम्मा, दुसऱ्यात पाऊण. त्यानंतर त्यानं कणसुद्धा जिभेवर ठेवला नाही. वीट गरम करून तिनं त्याचे पाय शेकले, ताक पाजलं, घाण काढली. एका दुपारी तो ढसाढसा रडत एवढीशी दे म्हणाला, तेव्हा ती गाडगं पोटाशी धरून रतिलाल पाटलाच्या घरी जाऊन बसली.

आणि मग शेवटचा आठवडा आला. त्या आठवड्यासाठी नर्मदाबाईनं सगळा जन्म परत काढला असता. दोधू एका सकाळी उठून स्वतः विहिरीवर गेला. भाकरी मागून घेतली. "आज मीठ जास्त शे," म्हणाला, आणि ती चुलीपुढं हसतच सुटली, कारण वीस वर्षांत त्याला मिठाची चव कळली नव्हती. त्यानं सासऱ्याची एक डोळा मिटायची नक्कल करून दाखवली. तिच्या झोक्याचं गाणं त्याला अख्खं येत होतं. डोळे स्वच्छ, पाणीदार, ती बारा वर्षांची असताना पाहिलेले. फक्त हाताची थरथर तेवढी गेली नव्हती.

हळदीच्या दिवशी सकाळी भटूच्या अंगणात पंच बसले. दोधूनं खल पुढ्यात घेतला आणि सगळ्यांदेखत पळसाचं पान उघडलं.  त्यानं घोटलं, तीनदा गाळलं, पाचही पंचांना स्वतःच्या तळहातावरून पाजलं. पंच म्हातारे होते, पटकन ओठ लावत होते. मग भटू पुढे येऊन बसला. दोधूनं कसुंबा तळहातावर घेतला आणि भावाकडे हात नेला. हात लटपटायला लागला. बायांच्या घोळक्यात दाराशी उभी असलेली नर्मदाबाई देवाचं नाव घेऊ लागली. एक थेंब खाली मातीत पडला.

"सांडना," एक पंच म्हणाला.

भटू मातीतल्या थेंबाकडे बघत नव्हता. तो त्या हाताकडे बघत होता. भावाला त्यानं जन्मभर पाहिलं होतं. अफू पोटात असली की हा हात दगडासारखा स्थिर असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"दादा," तो हळूच म्हणाला, "तू खादी नही?"

"पंधरा दिन व्हयनात."

भटूनं दोन्ही हातांनी ते थरथरतं मनगट खालून धरलं, ओठ लावले आणि तळहात चाटूनपुसून कोरडा केला. बराच वेळ त्यानं तोंड वर काढलं नाही. त्याचे खांदे हलत होते.

मग पाळी भटूची. त्यानं आपल्या तळहातावर कसुंबा घेऊन भावापुढं धरला. आता दोधूनं प्यायचा, म्हणजे पुरं झालं. दोधू पुढे वाकला आणि थांबला. त्यानं मान वर केली आणि बायांच्या घोळक्यात नर्मदाबाईला शोधलं. ते स्वच्छ, पाणीदार डोळे तिच्याकडे बघत होते. काय विचारत होते ते तिला उघड कळलं. तो घोट घेतला तर तो परत जाणार. नाही घेतला तर समेट नाही, मांडव नाही. तिच्या पाठीमागं, घरात, पाटावर बसलेल्या धनूच्या बांगड्या वाजल्या.

नर्मदाबाईनं मान हलवली. घे.

दोधूनं घेतला. घटकाभरात त्याचा हात स्थिर झाला, आणि त्या स्थिर हातानं त्यानं पुतणीच्या कपाळाला कुंकू लावलं. धनू "मोठी माय" म्हणून गळ्यात पडली, तेव्हा नर्मदाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, अकरा वर्षांचा सगळा एकदम. दुसऱ्या आठवड्यात भटूनं भिंत पाडली. आणि त्याच आठवड्यात दोधू वही घेऊन शहाद्याला गेला. पुढं तो पाच वर्षं जगला; जाववेना झालं तेव्हा भटूच त्याला गाडीत घालून दुकानापर्यंत न्यायचा. ते डोळे पुन्हा तसे झाले नाहीत.

ओसरीवर ऊन सरकत आलं होतं. खल अजून नर्मदाबाईच्या मांडीवर होता.

"वहिनी," भटू म्हणाला, "तू त्या दिन मान हलाई, मी देखं व्हतं."

 सात वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. "मीच मारं त्याले, भटू. पोरसाठे मारं."

"तू नही." भटूनं आपला उजवा तळहात उलटा केला, सुलटा केला. "तो थांबना व्हता ना? तवय हाऊ हात मी मांगे लई शकतू व्हतू. पंच काय करी लेतात? जरासा मांगे लेवाना व्हता. नही लिधा."

 इतकी वर्षं हे ओझं आपलं एकटीचं आहे असं ती धरून चालली होती, आणि ते भटूच्या मनावरही तेवढंच होतं. हलकं वाटायला हवं होतं. पण तिला दोधूची फार फार आठवण आली, मीठ जास्त आहे म्हणणाऱ्या दोधूची, आणि ती मोठ्यानं रडली. भटूनं तिला रडू दिलं.

परवा धनू पोरांना घेऊन येणार होती. लाडवांसाठी वेलची कुटायची होती. नर्मदाबाई खल घेऊन रांजणापाशी गेली, राखेनं घासला, धुतला, वास घेतला, पुन्हा घासला. चार वेळा धुतला तरी वास गेला नाही. मग तिनं तो तसाच उन्हात पालथा घातला आणि भटूला विचारलं, "च्या घेस का थोडा?"