‘पाळी’ येता कामा नये

बायकांच्या त्या मासिकाचं मागचं पान गेली तीन वर्षं एकाच जाहिरातीला वाहिलेलं होतं. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली एक बाई झोपाळ्यावर बसून अशी हसायची, जणू तिला जन्मात कधी डागच लागला नाही. खाली लिहिलेलं असायचं, ‘त्या नाजूक दिवसांतही तितकीच प्रसन्न.’ दिवस कोणते, ते नाजूक का, खोक्यात असतं तरी काय, याबद्दल अवाक्षर नाही. कोपऱ्यात तुटक रेषांची चौकट होती. ‘बोलण्याची गरज नाही. हे कुपन कापून दुकानदाराच्या हाती द्या.’ आणि कुपनावर एवढंच: ‘एक खोका, निळा.’ म्हणजे गिऱ्हाइकाने सांगायचं नाही, दुकानदाराने विचारायचं नाही, आणि माल मात्र खपायला हवा.

हे पान दर महिन्याला वेलांटीबाईंच्या टेबलावरून जायचं. त्या मासिकाच्या प्रूफरीडर. ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ दिसली की त्यांना ठसका लागतो, असं छापखान्यातले लोक म्हणत, आणि हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

एका सकाळी त्यांच्या टेबलापाशी ‘ताई’ येऊन उभे राहिले. ताई म्हणजे मासिकाचे उपसंपादक, पन्नाशीचे, भरघोस मिशांचे गृहस्थ. ‘ताईचा सल्ला’ हे सदर तेच लिहीत आणि शेकडो वाचक बायका त्यांना मनातलं सगळं मोकळेपणाने कळवत. आज त्यांच्या हातात वहीतून फाडलेला एक कागद होता.

“तुम्हीच वाचा हे,” ते म्हणाले. “मला तर काही सुचेनासं झालंय.”

‘प्रिय ताई, मी तेरा वर्षांची आहे. मला एक आजार झाला आहे. चार महिने झाले, दर महिन्याला रक्त जातं. कुठून ते लिहवत नाही. तुमच्या मासिकातल्या बाईलाही काहीतरी नाजूक झालं आहे पण ती हसते, म्हणून मला वाटलं ते औषध असेल. मी कुपन दिलं. दुकानदाराने निळ्या खोक्यातली पावडर दिली. पाण्यात घालून प्यायले. दोन दिवस उलट्या झाल्या. मग आईने खोका बघितला आणि कपड्यांची नीळ कोणी सांडली म्हणून ओरडली. मी अजून किती दिवस जगेन? घरी पत्र पाठवू नका. मासिकातच लिहा, ते आमच्याकडे येतं.’

वेलांटीबाईंनी पत्र तीनदा वाचलं. संताप त्यांच्या डोक्यात गेला, आणि त्यातला थोडा स्वतःवरही होता. तीन वर्षं त्यांनी त्या जाहिरातीतले काना-मात्रे तपासले होते आणि एकदाही त्यांना काही चुकलेलं दिसलं नव्हतं.

उत्तर त्यांनी स्वतःच लिहिलं. ते घेऊन ताई मालकांकडे गेले, पाठोपाठ बाईही गेल्या. मालक हेच संपादक. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि विंचू चावल्यासारखा कागद टेबलावर टाकला.

“हा शब्द? आपल्या मासिकात? बाई, हे मासिक चारचौघांत पडलेलं असतं. पाहुणे चाळतात. कंपनीने बघितलं तर मागचं पान गेलंच म्हणून समजा.”

“पोरगी नीळ प्यायली आहे, साहेब.”

“तिच्या आईने सांगावं तिला.”

“आईने सांगितलं असतं तर तिने आपल्याला कशाला लिहिलं असतं?”

मालकांनी थेट फर्मानच काढलं. तासाभरात ते छापखान्याच्या भिंतीवर लागलं, खाली सही. ‘यापुढे आपल्या मासिकात “पाळी” हा शब्द कुठेही येता कामा नये. प्रूफ तपासणाऱ्यांनी याची काटेकोर अंमलबजावणी करावी.’

वेलांटीबाई फर्मानासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. ‘काटेकोर’ हा शब्द त्यांना मनापासून आवडला. जागेवर येऊन त्यांनी लाल पेन्सिलीला टोक काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंकाची शेवटची प्रुफं मालकांसमोर गेली आणि पाचच मिनिटांत बाईंना बोलावणं आलं. प्रुफं दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती. सोनाराच्या जाहिरातीत ‘कानाच्या ——ला शोभणारे डूल’. गिरणीवरच्या लेखात ‘दिवस——’ संपवून ‘रात्र——’ करणारी कामगार बाई. शिवाय ‘——व प्राण्यांची निगा’. क्रमशः कादंबरीची नायिका हात जोडून म्हणत होती, ‘माझ्यावर ही —— आणू नका’, आणि त्या मोकळ्या जागेमुळे बिचारीचं बोलणं नको तितकं चावट झालं होतं.

“हा काय पोरखेळ आहे?” मालक म्हणाले. “कानाची पाळी आणि ती पाळी एकच का?”

“ती म्हणजे कोणती?”

“ती. तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत असून काय उपयोग? फर्मान तुमचं आहे. कोणती काढायची ते लेखी द्या, मी तेवढीच काढते.”

मालकांनी पेन उचललं, खाली ठेवलं. दाराबाहेर छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांचे हात थांबले होते, पानं दुमडणाऱ्या बायका तर उघडउघड कान देऊन उभ्या होत्या.

“आणि साहेब, लेखी देताना पूर्ण नाव घाला,” बाई म्हणाल्या. “मासिक पाळी. आता त्यातली पाळी मी काढलीच आहे. मुखपृष्ठावरचं ‘मासिक’ ठेवू की तेही काढू?”

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. मालकांचे कान लालबुंद झाले, पाळ्यांसकट. अंक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचा होता. त्यांनी कागद ओढला आणि खरडलं, ‘“पाळी” हा शब्द मजकुरात असेल तिथे असेल तसा राहू द्यावा.’ सही, तारीख.

बाईंनी ती चिठ्ठी आपल्या उत्तराला टाचणीने लावली आणि जुळणीला दिली.

“बाई, ही फसवणूक झाली,” ताई कुजबुजले.

“सही आहे. मजकुरात शब्द आहे. तो राहू दिला. पण खाली नाव ताईचं जाईल. घाबरला असाल तर आत्ताच बोला.”

ताईंनी उत्तर पुन्हा वाचलं. ‘मलाही येते’ या शब्दांपाशी ते जरा अडखळले, मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “जाऊ दे तसंच. ताई मीच आहे.”

अंक निघाला. त्यात होतं: ‘बाळ, तुला आजार नाही. तू मरणार नाहीस. याला मासिक पाळी म्हणतात. ती मलाही येते, तुझ्या आईला येते, तुझ्या शाळेतल्या बाईंना येते आणि झोपाळ्यावरच्या त्या बाईलाही येते. खोक्यात औषध नसतं, कापसाच्या घड्या असतात. त्या आतल्या कपड्यात ठेवायच्या, पोटात काही घ्यायचं नाही. नीळ पुन्हा पिऊ नकोस, आणि अजून त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जा. दुकानात कुपन देऊ नकोस, तोंडाने माग. लाज वाटायचीच असेल तर ती दुकानदाराला वाटू दे.’

मालकांनी आकाशपाताळ एक केलं. पुढच्या महिन्यापासून येऊ नका, असं त्यांनी बाईंना सगळ्यांदेखत सुनावलं. पुढच्या महिन्याला अजून अठरा दिवस होते, म्हणून बाई रोज वेळेवर येत राहिल्या.

दहाव्या दिवशी टपालात तसाच वहीतून फाडलेला कागद आला.

‘प्रिय ताई, मी मरणार नाही हे वाचून मी पोटभर जेवले. मग आईला अंक दाखवला. ती वाचून रडली. म्हणाली, तुझ्या वयात मलाही वाटलं होतं मी मरणार. मी विचारलं, मग मला का सांगितलं नाहीस? तर म्हणाली, कुठल्या तोंडाने सांगू? ताई, तोंड तर सगळ्यांना एकच असतं ना?’

वेलांटीबाई पत्र घेऊन तडक मालकांच्या खोलीत गेल्या आणि ते त्यांच्यासमोर ठेवलं. मालकांनी वाचलं. वाचून झालं तरी त्यांची मान वर आली नाही.

“हे पुढच्या अंकात पहिल्या पानावर घ्यायचं आहे,” बाई म्हणाल्या. “आणि त्याचं प्रूफ मी तपासणार आहे.”

त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.